तिसऱ्या फाट्यावरची डहाळी

उदयसिंह फ्रान्सला जाऊन आला आणि त्याच्या डोक्यात पायवाटा शिरल्या.

मुरगूडच्या पुढं, कर्नाटकाची हद्द जवळ येते तिथं चिकमाळ नावाचं गाव आहे आणि गावाच्या पाठीशी सिद्धोबाचा डोंगर. डोंगर म्हणायचं ते गावाचं मन राखायला. एका बाजूनं चढून दुसऱ्या बाजूनं परत खाली यायला रमतगमत अडीच तास लागतात. त्याच्या पायथ्याच्या मुरमाड जमिनीत पूर्वी नाचणी व्हायची, नाहीतर काहीच व्हायचं नाही. उदयसिंहानं २००२ साली तिथली तीस एकर घेतली आणि वाइनची द्राक्षं लावली. पहिलं पीक आलं तेव्हा गावानं घड तोडून खाऊन बघितले. मणी बारीक, साल जाड, आत बियाच बिया. पोरगं फसलं, असं सगळ्यांचं एकमत झालं. ही खायची नाहीत, प्यायची आहेत, हे कळल्यावर ते मत जरा मवाळ झालं.

फ्रान्समध्ये त्यानं काय बघितलं, तर माणसं हातात काठ्या घेऊन बागांच्या वरच्या डोंगरांतून दोन-दोन तास चालतात, घामाघूम होतात आणि मग बागेत येऊन वाइनचा पेला घेऊन बसतात. आपल्याकडं डोंगर आहे, बाग आहे, वाइन आहे, मग अडलंय कुठं? अडलं होतं नकाशापाशी. वाटा मोजायला हव्या होत्या, पाट्या लावायला हव्या होत्या, पाहुण्यांच्या हातात द्यायला एक सुबक कागद हवा होता. पाटबंधारे खात्यातल्या कुणीतरी त्याला सांगितलं, आमच्या ऑफिसात शांभवी म्हणून ट्रेसर आहेत, त्यांना तो डोंगर माहीत आहे.

माहीत आहे, एवढंच सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा नवरा त्या डोंगरावर चढला आणि उतरलाच नाही, हे सांगायचं त्या माणसानं टाळलं.

शांभवी एक्केचाळीस वर्षांची होती. एकोणीस वर्षं ती कालव्यांचे, पाटांचे, चाऱ्यांचे नकाशे काढत होती. एखादी गोष्ट नकाशात बसत नसेल तर मोजणी चुकलेली असते, असं तिचं साधं मत होतं आणि ते आजवर खोटं ठरलं नव्हतं. उदयसिंहाचा फोन आला तेव्हा ती विचार करून सांगते म्हणाली नाही. हो म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला कुणीतरी हे विचारावं म्हणून आपण नऊ वर्षं वाट बघत होतो.

घरी सासू होती, बसव्वा. कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या गूळबाजाराच्या एका बोळात त्यांचं बारदानाचं दुकान होतं. पुढं पोती आणि सुतळीची गुंडाळी, मागं राहायच्या दोन खोल्या. शांभवीचा नवरा वीरेश गेल्यावर सत्तरीची बसव्वा स्वतः गल्ल्यावर बसायला लागली आणि हमालांना तिचा धाक वीरेशपेक्षा जास्त वाटायला लागला. सातव्या वर्षी तिनं मुलाचा फोटो मोठा करून भिंतीला लावला. हार घालायला गेली तेव्हा शांभवीनं तो हातातून काढून घेतला होता. त्यावर दोघी परत कधी बोलल्या नाहीत.

"तिथं काय ठिवलंय आता?" बसव्वानं विचारलं.

"काम आहे, अव्वा."

बसव्वानं सुया-दोऱ्याचा डबा पुढं ओढला आणि फाटकं पोतं शिवायला घेतलं.

हे सगळं सुरू झालं होतं रविवार मंडळातून. नव्वद सालच्या आसपास कोल्हापुरातली दहा-बारा माणसं दर रविवारी एसटीनं कुठंतरी जाऊन एखादा डोंगर चढायची. त्यात कारकून होते, मास्तर होते, एक दातांचा डॉक्टर होता. वीरेशनं मंडळाला एक शिस्त लावली होती. सगळ्यांत पुढच्या माणसानं फाटा आला की चुकीच्या वाटेवर एक डहाळी मोडून आडवी टाकायची. मागच्यांना कळतं, इकडं नाही. सगळ्यांत मागच्या माणसानं ती डहाळी उचलून घ्यायची, कारण डोंगर गुराख्यांचा आहे आणि त्यांच्या वाटा आपण अडवायच्या नाहीत. खाली आल्यावर त्या डहाळ्या चहाच्या चुलीत जायच्या.

पुढं कायम शांभवी असायची, कारण हळू चालणं तिच्या स्वभावात नव्हतं. मागं कायम वीरेश. मागं कुणी राहिलं नाही हे स्वतः बघितल्याशिवाय त्याला खाली येववायचं नाही. खिशात नेहमी सुतळी असायची. त्या सुतळीनं तो गोळा केलेल्या डहाळ्यांची मोळी बांधायचा, पोत्याचं तोंड बांधतात तशी गाठ मारून, पण शेवटचा वेढा उलटा घेऊन. ती सवय त्याच्या वडिलांची. या नवरा-बायकोची गाठ फक्त चहाला पडते, अशी मंडळात थट्टा चालायची आणि दोघांनाही ती आवडायची.

१९९६ च्या नोव्हेंबरातल्या रविवारी मंडळ सिद्धोबाच्या डोंगरावर आलं. सकाळी एसटीत वीरेश सगळ्यांसमोर हसत म्हणाला होता, "मी मेलो तरी ही मागं वळून बघायची न्हाय." सगळे हसले. शांभवीला ते लागलं. एवढं लागण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण लागलं खरं, आणि ती तणतणत चढली.

त्या डोंगरावर तीन फाटे आहेत. पहिल्या दोन फाट्यांवर तिनं डहाळ्या टाकल्या. तिसऱ्यावर तिचा हात धायटीच्या झुडपाकडं गेला आणि तिनं तो मागं घेतला. एवढा शहाणा आहे ना, शोधू दे, असं तिच्या मनात आलं. तेवढंच. ती उजवीकडं वळून पुढं गेली. मधल्या लोकांना तिची पाठ दिसत होती, ते बरोबर आले. शेवटून दुसरा सयाजी होता. त्याच्या चपलेचा अंगठा तुटला, वीरेशनं सुतळीनं बांधून दिला, त्याला पुढं पाठवलं आणि सामान पिशवीत भरायला मागं खाली बसला. सयाजी आला. वीरेश आला नाही.

डावीकडची वाट कुठं जाते, तर कुठंच नाही. चारशे पावलं गवताच्या सपाटीवरून जाते आणि दीड पुरुष उंचीच्या काळ्या कातळापाशी संपते. तिथं दरी नाही, विहीर नाही, पाणी नाही. गावानं आठ दिवस डोंगर विंचरून काढला. पोलीस आले, कुत्री आली. काही म्हणजे काही सापडलं नाही. मग लोक हळूच विचारायला लागले, घरात काही होतं का, बाहेर काही होतं का. बसव्वानं त्यांना चहा दिला आणि बोळाच्या तोंडापर्यंत नेऊन सोडलं.

शांभवीनं सगळ्यांना सगळं सांगितलं. तिसऱ्या फाट्यावर डहाळी टाकली नव्हती, हे तेवढं कुणालाच सांगितलं नाही.

ऑक्टोबर २००५. बागेत छाटणी चालू होती. कात्र्यांचा कटकट आवाज ओळीओळींतून येत होता आणि कापलेल्या काड्यांचा ओला, हिरवट वास सगळीकडं पसरला होता. बागेचा मुकादम आकाराम हा पंचावन्न वर्षांचा, चिकमाळचाच माणूस. तो टेपचं दुसरं टोक धरायला शांभवीबरोबर निघाला.

पहिला फाटा सहाशे चाळीस मीटरवर लागला. वहीत आकडा लिहिता लिहिता तिनं दुसऱ्या हातानं निर्गुडीची डहाळी मोडली आणि डावीकडच्या वाटेवर टाकली. टाकल्यावर तिलाच ते कळलं. आकारामनं विचारलं, तेव्हा तिनं मंडळाची जुनी पद्धत सांगितली. दुसऱ्या फाट्यावरही टाकली. तिसऱ्या फाट्यावर ती थांबली. धायटी अजून तिथंच होती. शांभवीनं बांबूची खूण रोवली, अंतर लिहिलं आणि उजवीकडं वळली. डहाळी टाकली नाही. ती का टाकवली नाही, हे तिला त्या वेळी सांगता आलं नसतं.

पलीकडच्या बाजूनं उतरून दोघं बागेच्या शेडपाशी आली. बागेत चहापाणी बघणाऱ्या अंबूबाईनं चहा ठेवला होता. कप अर्धा झाला असेल, तेवढ्यात शांभवीची नजर शेडच्या कोपऱ्यातल्या खांबाकडं गेली. खांबाला टेकवून दोन डहाळ्या उभ्या ठेवल्या होत्या. एक निर्गुडीची, एक करवंदीची. मधोमध सुतळी बांधलेली. बसताना त्या तिथं नव्हत्या, याबद्दल तिला खात्री होती, कारण तिनं आपली टेपची पिशवी त्याच खांबाला टेकवली होती.

बायकांनी आणल्या असतील, आकाराम म्हणाला. पण बायका सगळ्या खालच्या प्लॉटवर होत्या आणि डोंगराकडं एकही फिरकली नव्हती. शांभवीनं मोळी हातात घेतली. शेवटचा वेढा उलटा होता.

तिनं आकारामला सुतळी देऊन पोत्याची गाठ मारायला सांगितली. त्यानं मारली, सरळ वेढ्याची. "आमी आपली अशी मारतो, म्याडम," तो म्हणाला. बाजारातल्या शंभर माणसांना उलटा वेढा येत असेल, असं शांभवीनं स्वतःला सांगितलं आणि परतीच्या एसटीत तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मोळी तिच्या मांडीवर होती.

नंतरच्या महिन्याभरात ती आठ वेळा डोंगर चढली. चढ मोजायचा होता, पाट्यांच्या जागा ठरवायच्या होत्या, ही कारणं खरीच होती. दर वेळी पहिल्या दोन फाट्यांवर डहाळ्या टाकायच्या, तिसरा तसाच सोडायचा, खाली यायचं, चहा प्यायचा. आणि दहा ते पंधरा मिनिटांत खांबाशी मोळी यायची. कुणी खांबाकडं बघत बसलं तर येत नसे. किटली उचलायला वळलं, शिंक आली, कुणी हाक मारली की तेवढ्यात आलेली असे. वहीच्या समासात तिनं वेळा लिहून ठेवल्या. बारा मिनिटं. चौदा. अकरा.

पाचव्या वेळी तिनं आकारामला दुसऱ्या फाट्यावर बसवलं. डहाळीवर नजर ठेवायची, हलायचं नाही. ती एकटी पुढं जाऊन उतरून आली. आकाराम तासाभरानं आला. त्यानं टोपी काढून हातात घेतली होती. तो म्हणाला, कुणी आलं नाही, गेलं नाही, वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. "डोळं मिटलं न्हवतं माजं. डहाळी व्हती, व्हती, आन मग न्हवती. आन म्याडम, माज्या म्होरनं माणूस गेल्यावानी गवात दबलं. एकदा न्हवं. लई येळ दबत व्हतं." त्या दिवसापासून तो डोंगरावर शांभवीच्या पुढं चालायला लागला.

त्या दिवशीच्या मोळीत तीन डहाळ्या होत्या. दोन तिच्या. तिसरी वाळून काळी पडलेली, काटेरी. आकारामनं ती नखानं खरवडली, वास घेतला आणि खैर आहे म्हणाला. या डोंगरावरचा खैर त्याच्या बापाच्या लहानपणीच संपला होता. पुढच्या वेळी मोळीत सहा डहाळ्या निघाल्या, त्याच्या पुढच्या वेळी अकरा. काहींची साल हाताला लागताच भुगा होत होती.

आता इथं कुणी शहाणं माणूस असतं तर त्यानं उदयसिंहाला नकाशा दिला असता आणि डोंगराला लांबूनच हात जोडले असते. शांभवी शहाणी होती, पण तिला नवरा हवा होता. रात्री उशीवर, सकाळी गिरणीच्या रांगेत, ऑफिसात ट्रेसिंगच्या कागदावर वाकलेली असताना, नऊ वर्षं रोज तिला तो हवा होता. आपल्या मागं दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर तो चालतोय, एवढं कळल्यावर ती कुठली थांबते. ती दोन कप चहा ओतायला लागली. दुसरा कप खांबाशी ठेवायची. तो गार व्हायचा, साय धरायची, अंबूबाई तो वेलाच्या बुंध्याशी ओतून टाकायची.

जानेवारीत पाहुणे यायला सुरुवात झाली. नकाशा छान छापला गेला होता. कडेनं वेलीची नक्षी, मध्ये तीन फाटे लाल ठिपक्यांनी दाखवलेले. पहिला गट पुण्याहून आलेला, अकरा माणसांचा. वाट दाखवायला पुढं शांभवीच होती. उन्हं कोवळी होती, खाली बागेत घड काळे पडायला लागले होते आणि लोक जागोजागी थांबून फोटो काढत होते. सगळं अगदी फ्रान्ससारखं चाललंय, असं उदयसिंहानं दोनदा बोलून दाखवलं.

खाली वाइन घेऊन मंडळी बसली तेव्हा एक वयस्कर डॉक्टरीणबाई शांभवीजवळ आल्या. तुमच्या त्या मागच्या माणसालाही बोलवा ना, बसू दे की आमच्याबरोबर, असं त्या म्हणाल्या. त्या गुडघ्यांमुळं सगळ्यांत मागं पडल्या होत्या, पण त्यानं अजिबात घाई केली नाही. त्यांचा चष्म्याचा डबा पडला होता तो त्यानं उचलून दगडावर ठेवला. बोलला मात्र काही नाही.

शांभवीनं हातातला ट्रे खाली ठेवला. कसा होता दिसायला, तिनं विचारलं.

"उंच. हातावर सुतळी गुंडाळत चालला होता. पस्तिशीचा असेल."

वीरेश गेला तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. शांभवी तेव्हा बत्तिशीची. आता तिच्या भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढरे केस आले होते आणि ती त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी झाली होती. हे तिला आजवर सुचलंच नव्हतं. ती शेडच्या मागं गेली आणि तोंडात पदर धरून रडली.

बाई जाताना आणखी एक सांगून गेल्या. तो माणूस सारखा थांबून मागं बघायचा. आमच्या मागं तर कुणीच नव्हतं, त्या म्हणाल्या, पण अजून कुणी यायचं असल्यासारखा थांबायचा.

त्यानंतर तिनं एक गोष्ट करून बघितली. पुढच्या गटात आकारामला पुढं घातलं आणि स्वतः सगळ्यांच्या मागं राहिली. दोन्ही डहाळ्या तिला वाटेवर पडलेल्या मिळाल्या, त्या तिनंच उचलल्या. खाली मोळी आली नाही. चौदा मिनिटं, वीस, तास. मागून चालून तो भेटणार नव्हता. पुढं ती असेल तरच मागं तो असणार होता. वळून बघितलं तर वाट रिकामी दिसायची, हेही तिनं दोनदा करून बघितलं होतं आणि दोन्ही वेळा मोळी यायची बंद होऊन पुढच्या खेपेपर्यंत थांबावं लागलं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटाला तोडणी सुरू झाली. क्रेटमधले घड मोजताना आकारामनं एकदम विचारलं, "म्याडम, तिसऱ्या फाट्यावर तुमी डहाळी कवाच टाकत न्हाईसा. का ओ?"

आणि शांभवीनं त्याला सांगितलं. एसटीतली थट्टा, धायटी, मागं घेतलेला हात, सगळं. कुणालाही न सांगितलेली गोष्ट अशी द्राक्षाच्या क्रेटवर बसून तिनं एका मुकादमाला सांगितली. आकाराम खाली बघत ऐकत राहिला. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "मग टाका की आता."

"टाकली तर वाट बंद होईल. तो आत असला तर?"

"आत काय, न् भाईर काय. त्यो डहाळी बगून चालनारा माणूस. तुमी सांगिटल्याबिगर त्येला वाट कशी कळायची?"

ती त्याच दुपारी निघाली. आकाराम बरोबर येतो म्हणाला, तिनं नको म्हटलं. तीन वाजले होते. पहिल्या फाट्यावर निर्गुडी, दुसऱ्यावर करवंदी. ऊन पाठीवर होतं, गवत वाळून पिवळं झालं होतं आणि खालून तोडणीवाल्या बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. वर चढत गेली तसं ते पुसट होत गेलं.

तिसऱ्या फाट्यावर धायटीला लाल फुलं आली होती. शांभवीनं चांगली हातभर डहाळी निवडली. मोडताना ती चटकन मोडली नाही, पिळावी लागली, हाताला चीक लागला. डाव्या वाटेच्या तोंडावर तिनं ती आडवी ठेवली. मग उचलून पुन्हा नीट ठेवली, मधोमध.

"माझं चुकलं," ती त्या वाटेकडं बघून म्हणाली. "इकडं नाही. उजवीकडं यायचं. घरी चल."

गवताची सपाटी उन्हात स्वच्छ दिसत होती. शेवटचा काळा कातळही दिसत होता. तिथं कुणीही नव्हतं.

ती उजवीकडं वळली आणि चालायला लागली.

शंभरएक पावलं गेली असेल. मागं डहाळी उचलल्याचा आवाज आला. वाळक्या पानांवरून ओढत उचलतात तसा, साधा.

ती थांबली नाही. मान ताठ धरून चालत राहिली. वळून बघावं म्हणून सगळं अंग ओढ घेत होतं. बघितलं आणि वाट रिकामी असली तर? नऊ वर्षांनंतर तिला ते परवडणार नव्हतं.

पावलं ऐकू येत होती. आता दहा-पंधरा मिनिटं मागं नाही. वीस हात मागं.

त्याचं चालणं तिला पाठ होतं. डावं पाऊल जरा घासून टाकायची सवय. तीच.

मागं अजूनही गवत दबल्याचा आवाज येत होता. वारा असेल, असं तिनं ठरवलं.

शेडपाशी ती चहाला थांबली नाही. आकाराम क्रेट उचलून उभा होता. तो तिच्याकडं बघून काहीतरी बोलणार होता, पण त्याची नजर तिच्या मागं गेली आणि त्यानं क्रेट खाली ठेवून वाटेच्या कडेला सरकून उभं राहत तोंड बागेकडं वळवलं. ती गेल्यानंतरही तो तसाच उभा होता की काय, हे तिनं बघितलं नाही.

मुरगूडला एसटी मिळाली. ती अगदी पुढच्या बाकावर बसली, काचेतून समोरचा रस्ता बघत. कागलला बरीच माणसं चढली. मागं सरका, मागं सगळी बाकं मोकळी आहेत, कंडक्टर ओरडत होता. कुणी सरकलं नाही. माणसं दारापाशीच दांडा धरून दाटीनं उभी राहिली, आणि दुसऱ्यांदा ओरडून झाल्यावर कंडक्टरही मागं गेला नाही.

ती बोळात शिरली तेव्हा दिवेलागण झाली होती. गुळाचा हंगाम, हातगाड्यांची खडखड, हमालांच्या हाका. दुकानाच्या पायरीवर बसव्वा पोत्यांच्या चळती लावत होती. पावलांची चाहूल लागून तिनं मान वर केली.

ती शांभवीकडं बघत नव्हती. तिच्या खांद्यावरून मागं बघत होती.

बसव्वा हळूहळू उठून उभी राहिली. तिच्या तोंडावरचं सगळं सुटलं आणि तिला रडू फुटलं. इतक्या वर्षांत शांभवीनं तिला रडताना बघितलं नव्हतं.

"आलास व्हय रं, वीऱ्या," ती म्हणाली.

शांभवीच्या डोळ्यांना धार लागली. आला होता. तिनं आणला होता. ती अजूनही वळली नाही; आता वळायचीही घाई नव्हती, घरात गेल्यावर दिव्याच्या उजेडात नीट बघायचं होतं.

पण बसव्वाची नजर तिथं थांबली नव्हती. ती त्याच्यावरून मागं गेली, आणखी मागं, बोळाच्या वळणापर्यंत.

"शांभवी," तिनं खालच्या आवाजात विचारलं, "ह्यो आला. पर त्याच्या मागं ही माणसं कोन हायत?"

हातगाड्यांची खडखड थांबली होती. हमालांच्या हाकाही येत नव्हत्या. अनवाणी पावलं फरशीवर सावकाश टेकत होती, एकामागून एक, पुष्कळ.

बसव्वा भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि तिनं दारातून आत जायला वाट करून दिली. मग, ट्रकमधून पोती उतरवून घेताना मोजावीत तशी, ती तोंडातल्या तोंडात कानडीत मोजायला लागली.

"ओंदु. एरडु. मूरु. नाल्कु."

वीस झाले, तीस झाले. अव्वा मोजतच होती.